मर्यादेचा आकडा कुणी ठरवला?

आयपीएलमध्ये कुणाला राखलं आणि कुणाला सोडलं याची यादी आली की ठाणे-डोंबिवलीच्या आमच्या भावंडांच्या ग्रुपवर दोन-तीन दिवस दुसरा विषय निघत नाही. 2025 च्या हंगामाआधी मुंबई इंडियन्सने बुमराहला 18 कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी 16.35 कोटी आणि रोहितला 16.30 कोटी देऊन राखलं. त्या पाच लाखांच्या फरकावरून लोकांनी किती जीव जाळला! पाच वेळा चषक जिंकून देणारा माणूस, त्याचं कप्तानपद आधीच काढून घेतलेलं, आणि वर हार्दिकपेक्षा पाच लाख कमी. नोव्हेंबर 2025 मध्ये संजू सॅमसनला आणण्यासाठी चेन्नईने जडेजाला राजस्थानकडे दिलं आणि त्याची रक्कम 18 कोटींवरून 14 वर आली, तेव्हाही सूर तोच. अपमान झाला, मालक कृतघ्न निघाले, निष्ठेला किंमत उरली नाही.

हा राग खरा आहे आणि मला तो पटतोही. पण टोरंटोला खेटून असलेल्या मिसिसागात राहून, आइस हॉकीच्या एका संघाला वर्षानुवर्षं पैशाच्या मर्यादेत धडपडताना पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की भांडायचंच तर 16.30 कोटींवर नको, 120 कोटींवर भांडावं. एका संघाने त्या लिलावात खेळाडूंवर एवढेच पैसे खर्चायचे, हे ठरवलं कुणी? ठरवताना खेळाडूंना विचारलं होतं का?

आधी इथलं सांगतो. नॅशनल हॉकी लीगमध्ये 32 संघ आहेत, त्यातले सात कॅनडातले. पगारावर किती खर्च करायचा याची कमाल रक्कम सगळ्यांना सारखीच. तिला सगळे नुसतं 'कॅप' म्हणतात. बास्केटबॉलमध्ये दंड भरून जास्त खर्च करता येतो, हॉकीत तशी मुभा नाही. त्या रकमेत जास्तीत जास्त 23 जणांचा संघ बसवायचा, सामन्याला त्यातले 20 उतरवायचे. लिलाव नसतो. करार पाच, सहा, आठ वर्षांचे होतात आणि कराराची वार्षिक सरासरी दरवर्षी कॅपमधून वजा होत राहते. म्हणून आज हौसेने केलेली सही चार वर्षांनी गळ्याशी येऊ शकते.

टोरंटो मेपल लीफ्सच्या तशी आली. या संघाने स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, शेवटचा जिंकला 1967 मध्ये. 1 जुलै 2018 ला त्यांनी जॉन टवारेसला सात वर्षांसाठी वर्षाला 1.1 कोटी डॉलरवर घेतलं. टवारेसचा जन्म मिसिसागाचा, पोरगा इथलाच. अख्खं शहर हरखून गेलं. मग संघातल्या तीन तरुणांचे करार आले. विल्यम नीलँडर पैशासाठी अडून बसला आणि 1 डिसेंबरची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना त्याने सही केली. ऑस्टन मॅथ्यूजला वर्षाला 1.16 कोटी मिळाले, मिच मार्नरला 1.09 कोटी. चौघांचे मिळून 4 कोटींच्या थोडे वर झाले, आणि 2019-20 ची कॅप होती 8.15 कोटी. अर्धा पैसा चौघांत गेला, उरलेल्या अर्ध्यात बाकीचा सगळा संघ बसवायचा.

कॅप दरवर्षी वाढत असे, तशीच ती वाढत राहील आणि चौघांचा भार हळूहळू हलका होईल, या भरवशावर हे गणित उभं होतं. 2020 मध्ये कोविड आला. प्रेक्षागृहं ओस पडली, उत्पन्न कोसळलं आणि कॅप 8.15 कोटींवर गोठली. 2021-22 संपेपर्यंत ती तिथेच राहिली. नंतरची दोन वर्षं फक्त दहा-दहा लाखांनी सरकली. जनरल मॅनेजर काइल डुबस यांना मोकळा श्वास घ्यायला जागाच उरली नाही.

याची किंमत कुणी मोजली ते नीट पाहण्यासारखं आहे. 2019 च्या जूनमध्ये पॅट्रिक मार्लो या उतारवयातल्या खेळाडूच्या कराराचं एक वर्ष उरलं होतं, 62.5 लाख डॉलरचं. तेवढी जागा मोकळी करण्यासाठी लीफ्सने त्याला कॅरोलायनाकडे दिलं, आणि त्याला घेण्याचा मोबदला म्हणून पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवी मुलं निवडायच्या प्रक्रियेतला, आपला पहिल्या फेरीचा हक्कही देऊन टाकला. कॅरोलायनाने मार्लोला पैसे देऊन करारातून मोकळं केलं आणि त्या हक्कावर तेराव्या क्रमांकाला सेथ जार्व्हिस निवडला. आज तो त्यांचा आघाडीचा खेळाडू आहे. 2021 मध्ये झॅक हायमन गेला. टोरंटोतच जन्मलेला, कोपऱ्यात घुसून पक काढून आणणारा, सहकाऱ्यांसाठी अंगावर मार घेणारा गडी. एडमंटनने त्याला सात वर्षांसाठी वर्षाला 55 लाख दिले, लीफ्सकडे तेवढे नव्हते. 2023-24 मध्ये त्याने 54 गोल केले.

पुढे एडमंटनवरही हीच वेळ आली. 2024 ची अंतिम फेरी सातव्या सामन्यात हरलेला हा संघ कॅपच्या काठावर उभा होता. ऑगस्टमध्ये सेंट लुइसने त्यांच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन होलोवे या दोन तरुणांपुढे थेट करार ठेवले. एडमंटनला ते करार जुळवून दोघांना राखता आलं असतं, पण तेवढी जागाच नव्हती. बदल्यात ड्राफ्टमधले दोन हक्क घेऊन त्यांना दोघांवर पाणी सोडावं लागलं.

मला यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मर्यादा घट्ट झाली की कात्री ताऱ्यांना लागत नाही, ती मधल्या फळीला लागते. आपल्याकडेही तसंच होतं, पण त्यावर चर्चा होत नाही. ऋषभ पंतला 27 कोटी मिळाले याच्या बातम्या महिनाभर चालतात. त्याच पर्समधून उरलेल्या पैशात रणजीतल्या किती मुलांना 30 लाखांच्या मूळ किमतीवर उचलायचं आणि किती जणांचं नावसुद्धा पुकारलं जाणार नाही, हे कुणी मोजत नाही.

सगळ्यात खालच्या माणसाचं काय होतं, तेही सांगतो. इथे कॅपचा हिशोब दिवसागणिक होतो. लीफ्सचा दुय्यम संघ मार्लीज, तोही टोरंटोतच खेळतो. 2025-26 मध्ये लीगमधला किमान पगार 7 लाख 75 हजार डॉलर आहे, म्हणजे हंगामातल्या प्रत्येक दिवसाचे साधारण 4 हजार. दुहेरी करारावरच्या, म्हणजे दोन संघांत दोन वेगळे पगार असलेल्या, तरुणाला मार्लीजमध्ये त्याहून खूपच कमी मिळतात. अलीकडेपर्यंत काय चालायचं, तर शनिवारी रात्री मुलगा लीफ्सकडून खेळायचा, रविवारी सुट्टी म्हणून त्याला कागदोपत्री मार्लीजला पाठवायचे आणि सोमवारी सकाळी परत बोलवायचे. मुलगा आपल्या खोलीतून हललेलाही नसायचा. पण रविवारचा त्याचा पगार खालच्या दराने निघायचा, संघाच्या कॅपमध्ये दिवसाचे पैसे वाचायचे आणि मार्चमधल्या ट्रेडच्या मुदतीपर्यंत ते साठून एखादा तयार खेळाडू आणता यायचा. मोठ्या नावांच्या संघबांधणीला वीस-एकवीस वर्षांच्या पोराच्या रविवारच्या पगाराचा हातभार. नव्या सामूहिक कराराने हे थांबवलं. आता खाली पाठवलेल्याने तिथे किमान एक सामना खेळल्याशिवाय त्याला परत बोलावता येत नाही.

पळवाटा मोठ्याही होत्या. टॅम्पा बेच्या निकिता कुचेरोव्हचं 2020 च्या डिसेंबरमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तो अख्खा साखळी हंगाम बाहेर बसला. दीर्घ दुखापतीच्या नियमाने त्याच्या 95 लाखांएवढा खर्च कॅपच्या वर करायची मुभा मिळाली. प्लेऑफमध्ये कॅप लागूच नव्हती. तो बरा होऊन परतला, स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळवले आणि संघाने कप जिंकला. उत्सवात त्याने मर्यादेहून 1.8 कोटी डॉलर जास्त असं लिहिलेला टी-शर्ट घातला होता. याच्या उलट टोक म्हणजे मे 2021 मधला व्हेगासचा संघ. दुखापती आणि कॅप यांच्या कात्रीत सापडून गोलरक्षक सोडून 18 जणांच्या जागी त्यांना 15 जणांवर सामना खेळावा लागला. आता 2025-26 पासून प्लेऑफलाही कॅप लागू झाली.

या दोन्ही दुरुस्त्या टेबलावर बसून झाल्या. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला खेळाडूंची संघटना. ते टेबल फुकट मिळालं नव्हतं. कॅप आणण्यासाठी मालकांनी 2004 मध्ये टाळेबंदी केली, 16 फेब्रुवारी 2005 ला पूर्ण हंगाम रद्द झाला आणि त्या वर्षी स्टॅनली कप कुणालाच मिळाला नाही. खेळाडू कॅपच्याच विरोधात होते. ते हरले. पहिली कॅप 3.9 कोटींवर बसली. पण त्या पराभवातही त्यांनी एक गोष्ट लिहून घेतली, की खेळातून येणाऱ्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा खेळाडूंचा. तो आधी 57 टक्क्यांपर्यंत गेला, 2012-13 च्या दुसऱ्या टाळेबंदीनंतर 50 वर आला. कॅपचा आकडा त्या हिश्शावरून निघतो. उत्पन्न वाढलं की कॅप वाढते, ते कोसळलं तेव्हा खेळाडूंनीही पगारातून कपात सोसली. जानेवारी 2025 मध्ये लीग आणि संघटनेने मिळून पुढच्या तीन हंगामांचे आकडे जाहीर केले: 9.55 कोटी, 10.4 कोटी, 11.35 कोटी. आकड्याखाली दोघांची संमती आहे.

आता आपल्याकडे पाहा. 2023 ते 2027 या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपणहक्क 48,390 कोटींना विकले गेले, सरासरीने वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त. 2025 मध्ये लिलावाची रक्कम, कामगिरीचे पैसे आणि सामन्याचं मानधन धरून एका संघाची मर्यादा होती 146 कोटी. दहा संघांचे झाले 1,460 कोटी. म्हणजे नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशातले साधारण 15 टक्के. तिकिटं, प्रायोजक यांचा हिशोब यात धरलेलाच नाही. आयपीएलच्या पैशावर देशातलं स्थानिक क्रिकेट उभं आहे, राष्ट्रीय खेळाडूंना मंडळाचे वेगळे करार आहेत, हे मान्य. ते धरूनही 15 आणि 50 यांच्यात केवढं अंतर आहे. आणि अंतरापेक्षा मला जास्त खुपतं ते हे की 146 चा आकडा मंडळाने जाहीर केला आणि खेळाडूंनी तो बातम्यांत वाचला. भारतीय क्रिकेटपटूंची संघटना 2019 मध्ये झाली, पण ती निवृत्तांची. आज खेळणाऱ्यांच्या वतीने बोलणारं कुणी नाही.

इथली व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये ज्याने निवडलं त्याच्याशी मुलगा सत्ताविशीपर्यंत बांधलेला राहू शकतो. कराचाही तिढा आहे. टोरंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत वरच्या कमाईवर निम्म्याहून जास्त कर जातो. फ्लोरिडा आणि नेवाडात राज्याचा आयकर नाही, कॅप मात्र सगळ्यांना सारखी. 2020 ते 2025 या सहा कपांपैकी पाच याच दोन राज्यांत गेले. कॅनडात कप शेवटचा आला 1993 मध्ये. मार्नर 2025 च्या उन्हाळ्यात व्हेगासला गेला, आठ वर्षांसाठी वर्षाला 1.2 कोटींवर. इथल्याच मातीतल्या या मुलाला हरल्यावर जे ऐकून घ्यावं लागलं, ते वाचवत नव्हतं. चाहते इथेही निष्ठुर होतात.

पण त्याच उन्हाळ्यात टवारेसने 1.1 कोटींवरून 43.8 लाखांवर येऊन चार वर्षांचा नवा करार केला. निम्म्याहून कमी पैसे! त्याचा अपमान झाला असं इथे कुणी बोललं नाही. उरलेले पैसे संघबांधणीला लागणार हे लोकांना दिसत होतं, आणि टवारेसचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. पिट्सबर्गचा सिडनी क्रॉस्बी कितीतरी वर्षं 87 लाखांवर खेळतो आहे, कॉनर मॅकडेव्हिडने ऑक्टोबर 2025 मध्ये आहे त्याच 1.25 कोटींवर दोन वर्षं वाढवून घेतली. बाजारात त्याला याहून पुष्कळ मिळाले असते. मर्यादा कुठून आली ते माहीत असलं आणि ती ठरवण्यात आपलाही हात असला, की माणूस त्यागसुद्धा ताठ मानेने करतो. रोहितच्या 16.30 कोटींत आणि जडेजाच्या 14 कोटींत त्यांचा स्वतःचा निर्णय किती होता, हे बाहेरच्यांना कळायला मार्ग नाही. म्हणून तिथे अफवा आणि अपमानाचीच भाषा शिल्लक राहते.

2027 नंतर प्रक्षेपणहक्कांचा नवा करार होईल. त्याआधी खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची संघटना व्हायला हवी आणि उत्पन्नातला हिस्सा टक्केवारीत ठरायला हवा, मग तो 20 असो की 30. हे 30 लाखांवर घेतलेल्या विदर्भाच्या किंवा सौराष्ट्रच्या मुलाने मागून मिळणार नाही. त्याने तोंड उघडलं तर पुढच्या वर्षी त्याचं नाव पुकारलं जाणार नाही. हॉकी लीगच्या नव्या करारात किमान पगार 2029-30 पर्यंत 10 लाख डॉलर होणार आहे, कारण तिथे तळातला मुलगा आणि मॅकडेव्हिड एकाच संघटनेत आहेत. आपल्याकडेही हे रोहितने, बुमराहने, जडेजाने मागायला हवं, आणि ते मागतील तेव्हा आमच्या ग्रुपवरच्या भावंडांनी पाच लाखांसाठी जेवढा आवाज उठवला तेवढाच त्यांच्यामागे उठवायला हवा.