चिप आधी, लस नंतर

सहा आठवड्यांनी जर्मनीला निघायचंय, कुत्र्याचं कसं करू, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं. सहा आठवड्यांत नाही होत गं. नोकरी, व्हिसा, घर, सामान सगळं मार्गी लागल्यावर माणसांना कुत्रा आठवतो, आणि मग गोष्ट "मामाकडे गावी सोडू"वर येते. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची चिंगी पुण्याची, गावठी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात सापडली होती. रेबीजची लस दरवर्षी न चुकता द्यायचो, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) नव्हती, आणि युरोपियन युनियन चिपच्या आधी दिलेली लस धरतच नाही. चार वर्षांच्या लशी बाद! चिप बसवली, लस पुन्हा दिली. त्यानंतर किमान ३० दिवस गेले की रक्त काढायचं, ते युनियनची मान्यता असलेल्या लॅबमध्ये पाठवायचं, रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडीजचं प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) यायला हवं. रिपोर्ट चांगला आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. भारतातून जाणाऱ्याला यातून सुटका नाही. म्हणजे चार महिने तर हेच.

एका एजंटने फोनवर सांगितलं, "मॅडम, लशीची तारीख मागची टाकून देतो." मी फोन ठेवून दिला. आपल्याकडे आजही रेबीजने माणसं जातात. तो नियम कुणी उगाच केलेला नाही.

नवरा बर्लिनला पुढे गेला, मी चिंगीसोबत मागे राहिले. "कुत्र्यासाठी नवऱ्याला एकटं पाठवलंस?" हे नात्यात बहुतेकांनी ऐकवलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "अगं, तिला आपल्याशिवाय आहे कोण?" त्या एका वाक्यावर मी ते चार महिने काढले.

क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, दार काढून हॉलमध्ये ठेवला, आत माझी जुनी सुती साडी. पहिले आठ दिवस चिंगी नुसती मान आत घालायची, पोळीचा तुकडा उचलायची आणि मागे सरायची. निघायच्या वेळेपर्यंत दुपारची झोप त्यातच घ्यायला लागली होती. प्रवासात गुंगीचं औषध द्यायला डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, तेही लक्षात ठेवा.

बर्लिनमध्ये कागदपत्रं पुन्हा आहेतच: कुत्र्याचा कर वर्षाला १२० युरो, विमा सक्तीचा, नोंदणी सक्तीची. मला त्याची तक्रार नाही. पैसे भरून, नाव नोंदवून पाळलेला प्राणी रस्त्यावर सोडायला माणूस दहा वेळा विचार करतो.

जड गेलं ते वेगळंच. पुण्यात रात्री चिंगी भुंकली की गल्लीच्या टोकापासून उत्तर यायचं. इथे रस्त्यावर भटकं कुत्रं नाही. सुरुवातीचे काही आठवडे ती खिडकीशी एकदा भुंकायची, कान टवकारून थांबायची आणि मग माझ्याकडे बघायची. माझ्या पोटात तुटायचं. त्यात हिवाळा. फुटपाथवर घसरू नये म्हणून टाकलेली बारीक खडी तिच्या बोटांच्या बेचक्यात रुतायची. घरी आलं की कोमट पाण्याचं घमेलं घेऊन बसायचं, एकेक पाय धुवायचा, खडे काढायचे.

कुत्र्याला बाहेर मोकळ्यावर पुरेसं फिरवलंच पाहिजे, असा जर्मनीत नियम आहे. त्या फिरण्याने मला हे शहर दिलं. पाव कुठला चांगला, कुठल्या बाकावर ऊन येतं, ग्रुनेवाल्डच्या जंगलात कुत्र्यांना कुठे मोकळं सोडता येतं, हे सगळं चिंगीच्या मागे चालताना कळलं. खालच्या मजल्यावरच्या आजी आधी नुसती मान हलवायच्या. आता जिन्यात थांबतात, खिशातून बिस्कीट काढतात आणि मराठीत म्हणतात, "चिंगी, बस." आणि ती बसते.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलंय: तारीख पुढे ढकलता येत नसेल तर दोघांपैकी एकाने मागे राहा. आणि चिप उद्याच बसवून घे, लशीच्या आधी.