खुलासा : कामगारांचा कमी मृत्युदर हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे

‘रासायनिक कारखान्यांतील कामगारांचा मृत्युदर सर्वसामान्य लोकांपेक्षा कमी असतो, म्हणजे तिथली रसायने निरुपद्रवी आहेत’ असा संदेश ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांच्या गटांमध्ये फिरत आहे. असा फरक अनेक अभ्यासांत खरोखरच दिसतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

सर्वसामान्य लोकसंख्येत अंथरुणाला खिळलेले आणि काम करू न शकणारेही मोजले जातात, तर नोकरी मुळात धडधाकट माणसालाच मिळते आणि आजारी पडलेला ती सोडून जातो. ही निवड इंग्लंडमध्ये सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम ओगल यांनी १८८५ मध्येच दाखवून दिली होती. त्यामुळे संशोधक घातक पदार्थांशी जास्त संपर्क असलेल्या कामगारांची तुलना त्याच उद्योगातील कमी संपर्काच्या कामगारांशी करतात, वय आणि धूम्रपान विचारात घेतात, आणि नोकरी सोडलेल्यांचाही वर्षानुवर्षे माग ठेवतात, कारण अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी उघड होतो. कंत्राटी कामगार ठेकेदार बदलला की नोंदीतूनच निसटतात, ही मला यातली सर्वांत गंभीर बाब वाटते. अशा संदेशावर विसंबून कोणीही मास्क किंवा वैद्यकीय तपासणी टाळू नये.