चाळिशीनंतर केटलबेल उचलू नये, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांत आमच्या गावातील बचत गटापासून माहेरच्या नातेवाइकांपर्यंत जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर एक संदेश फिरून आला. त्याचा आशय असा की, चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः बायकांनी, केटलबेलसारखी वजने उचलू नयेत. त्याने कंबर आणि गुडघे कायमचे जातात, गर्भाशय खाली सरकते, सलग दहा मिनिटांच्या स्पर्धेत हृदय बंद पडू शकते. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरजच नसते. हे परदेशी खूळ शहरातल्या लोकांनी करावे, आणि या वयात पहिल्यांदा स्पर्धेत उतरणे म्हणजे चारचौघांत शोभा करून घेणे होय. गटातील एकीने तो मला पाठवला आणि खाली विचारले, "बाई, हे खरं हाय का? तुमी तर उचलता."

मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात शिक्षिका आहे, घरची शेती आहे, वय 47 आहे आणि गेल्या हिवाळ्यात मी केटलबेलच्या पहिल्या स्पर्धेत उतरले. त्या बाईंना दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे होणे मला पटले नाही, कारण संदेशातील काही भीती खऱ्या अनुभवातून आलेली आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नाही.

आधी हा खेळ काय आहे ते सांगायला हवे, कारण संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एका दमात प्रचंड वजन उचलणारा पहिलवान असावा. केटलबेल म्हणजे वरून मूठ असलेला लोखंडी गोळा. स्पर्धेतला गोळा पोलादी असतो आणि 8 किलोचा असो की 32 किलोचा, त्याचा बाहेरील आकार सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे वजन वाढले तरी हाताची सवय बदलावी लागत नाही. जर्क, स्नॅच आणि लाँग सायकल हे तीन मुख्य प्रकार असून प्रत्येकाची पारंपरिक वेळ 10 मिनिटांची आहे. मी स्नॅच केले. त्यात गोळा दोन पायांमधून मागे झुलवून एकाच ओघात डोक्यावर न्यायचा, हात सरळ करून क्षणभर स्थिर करायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. पारंपरिक नियमाप्रमाणे हात एकदाच बदलता येतो आणि गोळा जमिनीला टेकला की डाव संपतो. म्हणजे येथे कस लागतो तो झेपणारे वजन लयीत आणि श्वास सांभाळून पुनःपुन्हा उचलण्याचा. हे ध्यानात घेतले की संदेशातील निम्मी भीती कोणत्या चित्रावर उभी आहे ते कळते.

कंबर आणि गुडघ्यांच्या दाव्यापासून सुरुवात करते. स्नॅचमध्ये गुडघे खोल वाकवायचे नसतात. वाकायचे ते खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. गुडघ्याच्या झिजेवरील उपचारांतही आज योग्य व्यायामाला पहिले स्थान दिले जाते. कंबरेबद्दल डेन्मार्कमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या परिस्थितीशी फार जुळतो. मान, खांदे व कंबर दुखण्याचे प्रमाण जास्त असलेल्या नोकऱ्यांतील 40 जण त्यात होते, सरासरी वय 44 आणि बहुसंख्य बायका. ज्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, सुमारे वीस मिनिटे केटलबेलचा सराव केला त्यांचे दुखणे कमी झाले. त्यांचा दमसास मात्र त्या अवधीत वाढला नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले. दुसरी बाजूही सांगते. कॅनडात पाठीच्या कण्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी मोजमाप करून दाखवले आहे की केटलबेल झुलवताना मणक्यांवर येणारा आडवा ताण नेहमीच्या वजन उचलण्यातील ताणाच्या उलट दिशेचा असतो, आणि म्हणून काहींच्या पाठीला हा व्यायाम मानवतो तर काहींना सोसत नाही. ज्यांची कळ पायात उतरते किंवा ज्यांना मुंग्या येतात, त्यांनी तपासणीआधी गोळ्याला हात लावू नये. पण यावरून "सर्वांची कंबर कायमची जाते" असा निष्कर्ष निघत नाही.

संदेशात हाडांचा उल्लेखच नाही, आणि पाळी थांबण्याच्या वयातील बाईसाठी तो सर्वांत आधी यायला हवा. ऑस्ट्रेलियात हाडे विरळ झालेल्या 101 स्त्रियांवर, ज्यांचे सरासरी वय 65 होते, आठ महिन्यांचा एक अभ्यास झाला. त्यातील एका गटाने प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजने उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. ती वजने केटलबेलची नव्हती, आणि माझा गोळा त्यांच्या मानाने हलका आहे. तरीही वयामुळे वजन वर्ज्य ठरते हा समज त्या निष्कर्षापुढे टिकत नाही.

गर्भाशयाच्या दाव्याबद्दल मी जपून लिहिते, कारण आमच्याकडे "अंग बाहेर येणे" हे दुखणे बायका वर्षानुवर्षे लपवून काढतात. त्याची मोठी कारणे म्हणजे अवघड किंवा अनेक बाळंतपणे, पाळी थांबल्यावर सैल पडणाऱ्या ऊती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि लठ्ठपणा. बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर हंडे आणि भारे घेण्यानेही ते बळावते. ज्यांना खाली जडपणा जाणवतो, काहीतरी उतरल्यासारखे वाटते किंवा शिंकताना लघवी सुटते, त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवूनच पुढे जावे. मी स्वतः दाखवूनच सुरुवात केली. मात्र गोळा उचलू नका म्हणणाऱ्या त्याच संदेशाला बाईच्या डोक्यावरचा सरपणाचा भारा कसा दिसला नाही, याचे मला वाईट वाटते.

हृदयाच्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो मान्य करायला हवा. दहा मिनिटांच्या डावात नाडी फार वर जाते. उपचार न घेतलेला रक्तदाब, छातीत दुखण्याचा त्रास किंवा घरात लवकर हृदयविकार झालेला असेल, तर तपासणी आधी आणि सराव नंतर. परंतु रक्तदाब एकदम उसळतो तो मुख्यतः श्वास रोखून शेवटच्या ताकदीचे वजन उचलताना. दहा मिनिटे श्वास कोणालाच रोखता येत नाही, म्हणून या खेळात प्रत्येक हालचालीला श्वास बांधून घ्यावाच लागतो. शिवाय कोणी पहिल्या दिवशी दहा मिनिटे उचलत नाही. मी 8 किलोवर दोन मिनिटांपासून सुरुवात केली, महिनाभर तेथेच राहिले, मग तीन मिनिटे, मग पाच. 12 किलोचा गोळा हातात आला तेव्हा पुन्हा दोन मिनिटांवर परतले. स्पर्धेपर्यंत अकरा महिने गेले. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 अंशांवर जातो, त्या दिवसांत पहाटे साडेपाचनंतर मी गोळा उचललाच नाही.

आता शेतीकडे येते. हा दावा मला सर्वाधिक ऐकावा लागला आणि तोच सर्वांत खरा वाटतो, म्हणून त्यावर थांबायला हवे. आमच्या वावरात फवारणीचा पंप 16 लिटरचा आहे. भरला की नुसते पाणीच 16 किलो. तो पाठीवर कसा चढतो ते पाहावे. बाई धुऱ्यावर टेकते, एक पट्टा खांद्यात अडकवते, अंग पिळून दुसरा ओढते आणि एका गुडघ्यावर हात रोवून उठते. दिवसभरात हे वीसदा होते, दरवेळी त्याच बाजूने, आणि थकल्यावर तर अधिकच वाकडे. कापूस वेचताना तीच बाई तासन्‌तास कमरेत वाकून असते, ओटीतले वजन पुढे लोंबत असते आणि बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात. हे कष्ट अपार आहेत, पण व्यायामाचा हेतू त्यांत कोठेच नसतो. वजन किती घ्यायचे, कोणत्या बाजूने, कधी थांबायचे, हे पीक आणि पाऊस ठरवतात. दोन्ही अंगांना सारखे काम मिळत नाही. हंगामात शरीर झिजते आणि हंगाम सरला की महिना-महिना हालचाल मंदावते. सरावात वजन मी निवडते, दोन्ही हातांना सारखी वेळ देते आणि आज अंग दुखत असेल तर गोळा खाली ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. त्याची गरज राबणाऱ्या शरीराला कमी नसून जास्तच आहे, असे मी अनुभवावरून म्हणते: खुब्यातून वाकायला शिकल्यापासून मी पंप दोन्ही हातांनी बंडीच्या कडेवर ठेवते, पाठ टेकवते, दोन्ही पट्टे सारखे ओढते आणि पायांच्या बळावर सरळ उभी राहते. वेचणीच्या आठवड्यांत मात्र मी सराव निम्म्यावर आणते. कापूस आणि गोळा दोन्ही एकाच मुठीवर जगतात, आणि मूठ थकलेली असताना उचललेल्या गोळ्याने माझ्या तळहाताचे कातडे एकदा सोलून निघाले होते.

परदेशी खुळाबद्दल थोडक्यात. गोळ्याचे मूळ रशियात आहे आणि तेथे तो आधी धान्य तोलण्याचे वजन होता. पूड या जुन्या मापाचे सुमारे 16 किलो होतात, आणि म्हणूनच आजही 16, 24, 32 अशी चढण आहे. धान्याच्या बाजारातून आलेली वस्तू शेतकऱ्याला परकी का वाटावी? मुठीचे वजन आपल्या आखाड्यांतही होतेच, त्याला नाल म्हणतात. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. विदर्भाला बलोपासना कोणी बाहेरून शिकवावी लागलेली नाही.

शेवटचा दावा शोभेचा. अनेक संघटनांच्या स्पर्धांत चाळिशीपुढच्यांसाठी वेगळे वयोगट असतात, शरीराच्या वजनाचेही गट असतात आणि नवख्यांना हलका गोळा निवडता येतो, त्यामुळे मला विशीतल्या खेळाडूशी तोलण्याचा प्रश्नच नव्हता. भीती मात्र होती. साडी सोडून ट्रॅकपँट घालून मंचावर जायचे, हाताला खडूची पांढरी पूड चोळायची आणि अनोळखी माणसांसमोर दहा मिनिटे उभे राहायचे, हे मनाला जड गेले. समोर बसलेला पंच प्रत्येक योग्य उचल मोजतो. कोपर पुरते सरळ नसेल किंवा गोळा वर स्थिर झाला नसेल तर तो आकडा पुढे नेत नाही. चौथ्या मिनिटाला माझ्या लागोपाठ दोन उचली धरल्या गेल्या नाहीत. मी घाईने गोळा खाली सोडत होते. वर एक श्वास जास्त थांबले, आणि आकडा पुन्हा चालू लागला. सातव्या मिनिटाला डाव्या हाताची बोटे उघडू लागली, तेव्हा वेग मिनिटाला नऊवर आणला. दहाव्या मिनिटाची शिट्टी झाली तेव्हा आकडा 112 होता आणि गोळा अजून माझ्या हातात होता. माझ्या गटात मी शेवटून दुसरी आले. कोणीही हसले नाही. शेजारच्या मंचावरील बाईंनी, ज्या माझ्याहून वयाने मोठ्या होत्या, माझी मनगटपट्टी सोडायला मदत केली, कारण मला बोटे मिटता येत नव्हती.

ज्यांनी संदेश पाठवून विचारले त्या बाईंना मी हे सगळे ओसरीवर बसून सांगितले. त्यांचे वय 52 आहे, दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. मंगळवारी आम्ही दोघी उपकेंद्रात जाऊन त्यांचा दाब मोजून घेणार आहोत, आणि त्यानंतर तालुक्याच्या डॉक्टरांना विचारणार आहोत. ते हो म्हणेपर्यंत माझा 8 किलोचा गोळा त्यांच्या घरी जाणार नाही.