दोन स्टार दिलेत, त्याबद्दल

नमस्कार सर,

रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या आधी तुमचं बिल शोधून काढलं. तुमचं म्हणणं असं: महागाचे कार्बन सोलचे सायकलिंगचे बूट आम्ही गळ्यात मारले. दौलताबादचा घाट चढेपर्यंत करंगळी बधीर होते, वेरूळ येईपर्यंत तळव्याची आग होते. क्रांती चौकात सिग्नलला पाय पेडलमधून सुटला नाही आणि चारचौघांत आडवे झालात. क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या तळाखालच्या खाचा, तीन महिन्यांत झिजल्या. आणि सांगायला आलात तर आमच्या पोरानं "वापरलं की सैल होतंय, सर" म्हणून वाटेला लावलं.

शेवटचं आधी घेतो. असं बोलायला नको होतं. सैल होते ती कातड्याची चप्पल. हे बूट सिंथेटिक आहेत आणि खालची कार्बनची पाटी तर तसूभरही पसरत नाही. पहिल्या दिवशी जिथं चावतं तिथं ते सहा महिन्यांनीही चावणार. पोरगं नवं आहे, पण दुकान जुनं आहे, म्हणून चूक माझी.

आता बोटांचं. रिव्ह्यूसोबतचा दुसरा फोटो, इनसोल (बुटातला सुटा तळ) बाहेर काढलेला, मी मोठा करून बघितला. अंगठ्याचा काळपट ठसा पूर्ण उमटलाय. करंगळीचा अर्धाच आहे, उरलेली अर्धी इनसोलच्या काठाबाहेर. म्हणजे तुमचं बोट रोज बुटाच्या भिंतीवर चढून बसतंय. लांबीला ४२ नंबर बरोबर आहे. तुम्ही लिहिलंय तसा ४३ दिला असता तर टाच मागं उचलली गेली असती आणि चावायचं ते चावलंच असतं. तुमचा पाय चवड्यात रुंद आहे, तुम्हाला त्याच नंबरातला रुंद साचा लागतो. इनसोल काढून त्यावर तुम्हाला उभं केलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. आम्ही फक्त लांबी मोजली, तीही सकाळी अकराला. आपल्याकडच्या उन्हात तासभर सायकल चालवली की पाय फुगतो, सकाळी नीट बसलेला बूट दुपारी आवळतो.

तळव्याची आग थोडी याच आवळण्यामुळं आणि थोडी क्लीटमुळं असणार. फोटोत क्लीट अगदी बोटांकडं सरकवून बसवलेली दिसते. पेडलचा दांडा चवड्याखाली यायला हवा, लांब चालवणाऱ्याला तर किंचित मागंच बरा. तीन स्क्रू ढिले करून काही मिलिमीटर मागं घ्यायचं एवढंच काम आहे, ते त्याच दिवशी करून द्यायला हवं होतं. सिग्नलवर पडलात तेही टळलं असतं: नव्या पेडलची पकड एलन कीनं ढिली करून द्यायची असते आणि टाच बाहेर वळवून पाय सोडायचा सराव भिंतीला धरून वीसेक वेळा करून घ्यायचा असतो. (पहिल्या आठवड्यात मीही पडलोय, भर गुलमंडीत.)

गुडघा दुखतो म्हणून लाल क्लीट मागितल्यात, त्या मात्र मी देणार नाही. तुमच्या पिवळ्या क्लीटमध्ये पायाला ६ अंश हलायला जागा आहे, निळ्यात २ आणि लालमध्ये शून्य. कोन जरासा चुकला तरी लाल क्लीट गुडघ्याला सोडणार नाही. आधी पिवळीच सरळ बसवून बघू.

"गळ्यात मारले" हे काही मला पटलं नाही. मित्राच्या बुटाचा फोटो दाखवून "हेच पाहिजेत, कार्बनच पाहिजे" असं तुम्ही म्हणाला होतात, मी गल्ल्यावरच होतो. पण रविवारी वेरूळला जाऊन येणाऱ्याला, म्हणजे साठेक किलोमीटरला, नायलॉनचा सोल पुरतो आणि पायाला मऊही लागतो, हे मी तेव्हा बोललो नाही. महाग वस्तू खपत असताना दुकानदाराची जीभ जड होते, काय करता.

क्लीट झिजल्या त्या चालून. तीन स्क्रूची ती क्लीट प्लास्टिकची असते आणि तळाच्या बाहेर येते. खुलताबादला भद्रा मारुतीपर्यंत आणि मग चहाच्या टपरीपर्यंत फरशीवरून चाललं की ती घासणारच. तुमच्यासारखं चार ठिकाणी उतरणाऱ्याला दोन स्क्रूची, तळात बुडालेली लोखंडी क्लीट सोयीची. त्यात पेडलही बदलावं लागतं, म्हणून आग्रह नाही. तूर्त रबरी कव्हर घ्या, आमच्याकडून भेट.

क्लीटचे वण पडलेले बूट परत घेत नाही, अशी पाटी दुकानात आहे. तुमच्या बाबतीत ती बाजूला ठेवतो, कारण मापच आम्ही चुकीचं घेतलं. रुंद साच्यातले दोन जोड मागवलेत, एक नायलॉनचा, एक कार्बनचा. नायलॉनचा घेतलात तर फरकाचे पैसे परत.

गुरुवार सोडून कधीही या, पण संध्याकाळी सहानंतर, आणि सायकलिंगचे मोजे घालून. सायकलही आणा, स्टँडला लावून क्लीट बसवू. या वेळी माप मी घेईन.