चीर गेली म्हणजे लाकूड खोटं नाही, पण चूक आमचीच आहे

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, फोटो पण झूम करून बघितले. सॉलिड शिसम म्हणून दिलेल्या डायनिंग टेबलच्या टॉपला चार महिन्यांत चीर गेली, टॉप अखंड नाही तर पट्ट्या जोडून केलाय, ड्रॉवरचा तळ प्लायचा निघाला, आणि शेवटी "हे लाकूडच नाही, फसवणूक आहे, ग्राहकाने ओळखायचं तरी कसं" असं तुम्ही लिहिलंय. एक स्टार दिलात त्याबद्दल भांडणार नाही.

प्लायचं आधी सांगतो कारण तिथे मला बोलायला तोंडच नाही. ड्रॉवरच्या तळाला प्लाय वापरणं यात वाईट काही नाही, उलट पातळ सॉलिड फळी तिथे वाकते, प्लाय सरळ राहतो. पण आमच्या माणसाने तुम्हाला "पूर्ण सॉलिड" सांगितलं आणि बिलावर पण तेच लिहिलं, ते चुकीचंच. आता बिलावर टॉप कशाचा, पाय कशाचे, तळ कशाचा हे वेगवेगळं लिहायला सुरुवात केलीय.

पट्ट्यांच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. तीन फूट रुंदीची एकच फळी मिळाली तरी ती पुढे जाऊन वाकायची भीती जास्त, म्हणून चांगले सुतार मुद्दाम अरुंद फळ्या ग्लूने जोडूनच टॉप करतात. बघायचं असतं ते जोड कसा आहे, नख फिरवलं तर अडकतं का, दोन फळ्यांमध्ये ग्लूची जाड रेघ दिसते का. तुमच्या फोटोत जोड सगळे घट्ट आहेत, चीर जोडावर गेलेलीच नाही, ती एका फळीच्या मधून टोकापासून रेषांच्या बाजूने सरळ आत गेलीय.

आणि म्हणूनच ते लाकूड खरं आहे हे मी ठामपणे सांगू शकतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा ग्लूने दाबून केलेले बोर्ड) असा रेषेने फाटत नाही, तो पाणी लागलं की कडेने फुगतो आणि भुसभुशीत होतो. पण खरं लाकूड आहे म्हणून आम्ही सुटलो असं नाही सर, कारण खरं लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही पण रुंदीत चांगलंच, तीन फूट रुंद टॉप वर्षभरात सहज काही मिलिमीटर आत-बाहेर होतो. त्याला हलायला जागा ठेवावी लागते, म्हणजे खालच्या फ्रेमला स्क्रूसाठी लांबट भोक पाडायचं. तुम्ही टेबलाखालून काढलेल्या फोटोत सहा स्क्रू दिसतायत, सहाही गोल भोकात गच्च आवळलेले. टॉप आकसायला गेला, फ्रेमने सोडलं नाही, फाटला. हे काम आमच्या कारखान्यात झालं आणि माल बाहेर पडताना मी उलटा करून बघितला नाही. त्यात भर म्हणजे घरात वापरायच्या फर्निचरचं लाकूड साधारण ८ ते १२ टक्के ओलीपर्यंत वाळवलेलं असावं लागतं, आणि त्या लॉटची ओल मोजल्याची नोंद माझ्याकडे सापडली नाही.

आता ओळखायचं कसं, तर तुम्ही लिहिलंय की वजनदार लागलं म्हणून विश्वास ठेवला. वजनावर जाऊ नका, एमडीएफ घनमीटरला ७०० ते ८०० किलो भरतो आणि सागवान साधारण साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे वजनाने निवडायला गेलात तर सागवान बाजूला राहील आणि बोर्ड घरी येईल (आमच्या धंद्यातले काही लोक "उचलून बघा" म्हणतात ना, ते उगाच नाही). त्यापेक्षा फळीचं टोक बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरून टोकाला कमानीसारख्या वळलेल्या दिसल्या तर ती सॉलिड फळी, आणि वरची नक्षी कडेला येऊन अचानक संपली, किंवा कडेला वेगळी पट्टी चिकटवल्याची बारीक रेघ दिसली, तर व्हेनियर (बोर्डावर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा लॅमिनेट (छापील नक्षीचा पत्रा). तीच गाठ फुटाफुटावर पुन्हा दिसली तर ती छापलेली आहे. पॉलिशकडे शेवटी बघा, गडद पॉलिशखाली काहीही लपतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, कोपरे नुसत्या पिना मारून जोडलेत की डव्हटेल, म्हणजे दात एकमेकांत अडकवलेला जोड, आहे ते तिथेच कळतं. टेबल कोपऱ्याला धरून तिरकं हलवा, कुसू (खाचेत घुसवायचं लाकडाचं टोक) खाचेत नीट बसलेलं असेल तर पाय कुरकुरत नाही. आणि मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकून बघाच, दुकानदाराला काय वाटेल याचा विचार करू नका, मला वाटलं असतं तर बरंच झालं असतं, हे सहा स्क्रू तेव्हाच सापडले असते.

तुमच्या टेबलचं असं करतो, आमचा सुतार येऊन टॉप काढून नेईल, ती एक फळी बदलून टॉप परत जोडू आणि फ्रेमला लांबट भोकं पाडून बसवू, खर्च सगळा आमचा. टॉप परत आणल्यावर तुमच्यासमोर ओल मोजायचा मॉइश्चर मीटर लावून दाखवतो. पैसे परत हवे असतील तर तेही चालेल, तसं सांगा. तोपर्यंत त्या चिरेत पुट्टी किंवा ग्लू भरू नका, हवा दमट झाली की चीर मिटायला बघेल आणि आत भरलेलं तिला अजून फाडेल. सहाही स्क्रू फक्त अर्धा फेरा ढिले करून ठेवा.