किती वाजता जायचं तेही सांगा

माझी भाची शिकायला म्हणून एका मोठ्या शहरात राहायला गेली आहे. मागच्या आठवड्यात तिचा मेसेज आला : "मावशी, इथे दर दोन दुकानांनंतर एक बेकरी नाहीतर कॅफे आहे. सगळ्यांना साडेचार स्टार. चांगलं कुठलं हे तू कसं ओळखतेस?" तिला घाईघाईत दोन ओळी लिहून पाठवल्या, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. गेली वीसेक वर्षं कामानिमित्त शहरं बदलत आले आहे आणि प्रत्येक ठिकाणी घर लागायच्या आधी मी बेकरी आणि कॉफीची जागा शोधलेली आहे. ती सापडली की शहर आपलं वाटायला लागतं. म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं असं, की अशा दुकानाचा नुसता पत्ता सांगून अर्धंच काम होतं. तिथे काय घ्यायचं आणि किती वाजता घ्यायचं, हे सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही. काचेच्या एकाच कपाटात शेजारी शेजारी मांडलेल्या गोष्टींची आयुष्यं अगदी वेगवेगळी असतात. बटरच्या पदरांचं क्रोसाँ अर्ध्या दिवसाचं. क्रीम भरलेलं एक्लेअर काही तासांचं. ब्राउनी दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते. सुकामेवा घातलेला फ्रूटकेक तर महिनाभर मुरला की खुलतो. आणि काउंटरवर ठेवलेल्या एस्प्रेसोला, म्हणजे छोट्या कपातल्या दाट कॉफीला, दोन-तीन मिनिटं मिळाली तरी खूप. आपण मात्र संध्याकाळी सहाला आत शिरतो, यातलं दिसेल ते उचलतो आणि दुकानाला चांगलं-वाईट ठरवून मोकळे होतो.

क्रोसाँपासूनच सुरू करते, माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर आहे. यीस्ट घातलेल्या गार कणकेत गार बटरची लादी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, पुन्हा गार करायची, पुन्हा लाटायची. अशी तिहेरी घडी तीन वेळा घातली की बटरचे २७ पदर होतात. बटर जास्त कडक राहिलं तर लाटताना तुटतं आणि कणीक फाडतं. जास्त मऊ झालं तर कणकेतच जिरतं, मग पदर राहत नाहीत, नुसता बटरचा पाव होतो. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणून आकार देऊन फुगायला ठेवतानासुद्धा खोली २७ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. एवढं सांभाळलं की भट्टीत कणकेतल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि तीच वाफ एकेक पदर उचलून धरते. बहुतेक चांगल्या बेकऱ्यांत यात दोन दिवस जातात. सकाळी आपण जे पाच मिनिटांत खातो ते परवा मळायला घेतलेलं असतं, हे कळल्यापासून मी चालता चालता क्रोसाँ खाणं सोडलं.

चांगलं क्रोसाँ हातात घेतलं की आकाराच्या मानानं हलकं लागतं. रंग गडद, जवळजवळ तांबूस तपकिरी हवा, आणि तळही तसाच भाजलेला हवा. दोन टोकं धरून ओढलं तर वरचा पापुद्रा आवाज करत फुटतो, आतला भाग लांबट तंतूंनी सुटत येतो, आणि आडवं कापलं तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ताटलीत चुरा पडणारच, तो पडायलाच हवा. खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर बसला तर समजायचं की बटरच्या जागी दुसरं काही आहे. बेकरीत वापरतात ती मार्गारिन, म्हणजे तेलांपासून केलेला बटरचा पर्याय, बऱ्याचदा बटरपेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे तोंडात पटकन विरघळत नाही.

आता वेळेचं. भाजून निघाल्यापासून आतली ओल हळूहळू बाहेरच्या पापुद्र्यात येत राहते. चार-सहा तासांत तो कुरकुरीतपणा जातो, कितीही मोठ्या हाताचा कारागीर असू दे. एका शहरात एका दुकानाचं खूप नाव ऐकून मी कामावरून परतताना गेले होते. त्यांनी उरलेलं एकच क्रोसाँ मायक्रोवेव्हमध्ये गरम करून दिलं. पहिले दोन घास ओले, तिसरा घास चामड्यासारखा. फार वाईट वाटलं, आणि पुढचे तीन महिने मी त्या रस्त्याला फिरकले नाही. मग एका रविवारी सकाळी आठला शेजारीण ओढून घेऊन गेली. तेच दुकान, तीच काच, आणि मी तिथे एकापाठोपाठ दोन क्रोसाँ खाल्ली. तीन महिने केवळ वेळ चुकल्यामुळे वाया घालवले, याची मला अजून हळहळ वाटते.

बाहेरून घमघमाट येतो म्हणून पीठ इथेच मळलं असेल असं मात्र समजू नका. कारखान्यातून गोठवून आलेलं तुमच्यासमोर भाजलं तरी वास तसाच सुटतो. फ्रान्समध्ये १९९८ सालापासून कायदा आहे, की मळणं, आकार देणं आणि भाजणं जागेवरच होत असेल आणि मध्ये कुठेही पाव किंवा पीठ गोठवलं जात नसेल, तरच दुकानावर 'बूलाँजरी' अशी पाटी लावता येते. पण तोही कायदा पावापुरता, क्रोसाँ त्यात धरलेलं नाही. म्हणजे बेकरीच्या माहेरघरीसुद्धा विचारूनच घ्यावं लागतं. मी सरळ विचारते : "हे इथे लाटता का?" ज्यांच्याकडे लाटतात ते खुलतात, मागच्या खोलीतलं यंत्रसुद्धा दाखवतात. नसतील लाटत आणि तसं साधेपणानं सांगतात, तरी मला त्या दुकानाबद्दल आदर वाटतो.

पावाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. पाव शिळा होतो तो नुसता सुकून नाही. बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १८५२ मध्येच दाखवलं होतं, की ओल अजिबात जाऊ दिली नाही तरी पाव शिळा होतोच. त्यातला स्टार्च थंड होताना पुन्हा घट्ट रचला जातो, आणि हे सगळ्यात वेगानं होतं ते फ्रिजच्या तापमानाला. तेव्हा बेकरीतून पाव आणून फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे त्याला स्वतःच्या हातानं शिळं करणं. एक-दोन दिवस कापडात गुंडाळून बाहेर ठेवा, नाहीतर काप करून थेट फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसे ओव्हनमध्ये किंवा टोस्टरमध्ये गरम करा. आंबवणाचा मोठा पाव, म्हणजे सावरडो, याला तर घाईच नाही. तो दुपारी घेतला तरी चालतो, दुसऱ्या दिवशी त्याची चव आणखी जमून येते.

रंगावरून माझा नेहमी वाद होतो. लोकांना फिकट पाव, फिकट कुकी, फिकट टार्ट हवं असतं, गडद दिसलं की "करपलंय" म्हणतात, आणि मग बेकरीवालेही लवकर बाहेर काढायला लागतात. साखर आणि प्रथिनं उष्णतेत एकत्र येऊन जो तपकिरी रंग धरतात, त्याचं पहिलं वर्णन लुई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये केलं. भाजलेल्या पदार्थाचा वास आणि चव बऱ्याच अंशी तिथूनच येते. फिकट काढलं की पैसे पूर्ण देऊन चव अर्धी घेतल्यासारखं होतं. फळीवरचा सगळ्यात गडद तुकडा मागून बघा एकदा.

गोड पदार्थांत मी आधी कपाटाकडे बघते. बटरक्रीमचा केक थेट कडक गारव्यातून काढून समोर ठेवला तर त्याची चवच कळत नाही, कारण बटर गोठलेलं असतं आणि जिभेवर विरघळायच्या आत आपण गिळून मोकळे होतो. अर्धा तास बाहेर ठेवून बघा, तोच केक मऊ आणि सुगंधी लागेल. ताज्या क्रीमचा केक मात्र गारच हवा. चीजकेक आदल्या दिवशीचा असेल तर निर्धास्त घ्या, त्याला रात्रभर बसायला लागतंच. एक्लेअर मात्र कधी भरलं ते विचारा. त्याचं कवच पोकळ आणि कोरडं असतं, क्रीमची ओल लागली की नरम पडतं. काही दुकानं गिऱ्हाईक आल्यावर समोर भरून देतात, असं दुकान दिसलं की मी दुसरं काही मागतच नाही.

कस्टर्ड टार्ट कोमट असताना. तेव्हा मधला भाग किंचित थरथरतो आणि व्हॅनिलाचा वास वर येतो. या व्हॅनिलाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिच्या मायदेशाबाहेर फुलाला फळ धरायचं तर हातानं परागीकरण करावं लागतं, आणि त्याची सोपी रीत १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं शोधून काढली. आजही जगभर तीच रीत वापरतात. हे वाचल्यापासून खऱ्या व्हॅनिलाचं कस्टर्ड मी सावकाश खाते.

आइस्क्रीमच्या दुकानात पिस्ता बघा. हिरवागार दिसला तर रंग घातलेला आहे. खरा पिस्ता मातकट, तपकिरीकडे झुकणारा हिरवा असतो. केळ्याचा रंगही करडा-पांढराच यायला हवा, पिवळाधमक नव्हे. इतकं पुरतं, पुढे जाते.

कॉफी. इथे माझं मत ठाम आहे : कॉफीसाठी बहुतेक वेळा वेगळं दार शोधावं लागतं. पहाटे तीनला उठून कणीक लाटणं आणि दिवसभर यंत्रापाशी उभं राहून कॉफी किती बारीक दळायची ते दर तासाला जुळवणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि दोन्ही उत्तम करणारं छप्पर क्वचित भेटतं. एका जागी सगळं मिळावं हा हट्ट सोडला की जिभेला फार सुख मिळतं.

एस्प्रेसोची पहिली यंत्रं वाफेच्या दाबावर चालायची, लुइजी बेझेरा या इटालियनानं १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते तसंच. आज कपात वर जो सोनेरी-तपकिरी फेस दिसतो, ज्याला क्रेमा म्हणतात, तो आकिले गाजियाच्या दांडीच्या यंत्रानंतर, म्हणजे १९४८ पासून, लोकांच्या सवयीचा झाला. आता साधारण ९ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ नऊपट दाबानं, १८ ग्रॅम दळलेल्या पुडीतून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी २५ ते ३० सेकंदांत काढतात. हे आकडे पाठ करायची गरज नाही. बरिस्ताच्या, म्हणजे कॉफी करणाऱ्याच्या, हाताकडे बघा. कॉफीची पूड वजन करून घेतो का? कप भरताना लक्ष घड्याळाकडे आणि धारेकडे आहे का? धार आधी काळपट, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक आणि सोनेरी होत जाते, आणि फिकट पडायला लागली की चांगला हात लगेच थांबवतो. दूध फेसाळल्यावर वाफेची नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसून वाफेचा एक झोत सोडतो का? नळीवर वाळलेलं दूध दिसलं तर मी सरळ मागे फिरते.

दुधाचा फेस सायीसारखा चकाकणारा हवा, साबणासारखा बुडबुड्यांचा नको. ६० ते ६५ अंशांपर्यंत दूध गोडसर लागतं, ७० च्या वर गेलं की उकळल्याचा वास येतो आणि मग खाली कितीही चांगली कॉफी असो, ती दबून जाते. "एकदम कडक गरम द्या" असं सांगणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा बरिस्ताच्या पद्धतीनं पिऊन बघा. बिया विकत घेणार असाल तर पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. भाजल्यावर बियांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून एस्प्रेसोसाठी आठवडाभर थांबलेल्या बिया चांगल्या, पण महिना-दीड महिना उलटून गेलेल्या नकोत. आणि दळून आणू नका. दळल्यावर सुगंध काही मिनिटांतच उडायला लागतो.

बसायच्या जागेबद्दलही बोलायला हवं. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये घर आणि काम यांच्या पलीकडच्या 'तिसऱ्या जागे'ची कल्पना मांडली. एकट्या माणसाला मोठ्या शहरात या जागेची किती गरज असते हे मी अनुभवलं आहे. एका शहरात पहिले सहा महिने दिवसभरात माझ्याशी नावानं बोलणारा एकच माणूस होता, कॉफी देणारा. त्यासाठी माझी वेळ दुपारी तीन ते साडेचार. गर्दी ओसरलेली असते, खुर्ची अडवल्याचा संकोच वाटत नाही, आणि यंत्रामागचा माणूसही दोन शब्द बोलायला मोकळा असतो.

आणि शेवटी ज्या खुणेवर मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवते ती. संध्याकाळी काचेचं कपाट जवळजवळ रिकामं असतं आणि आतला माणूस म्हणतो, "संपलं." हा शब्द ऐकून कित्येकजण चिडतात. मला आनंद होतो. साठ प्रकार रात्री नऊपर्यंत भरगच्च ठेवणाऱ्या दुकानात काहीतरी कालचं असणार, काहीतरी गोठवलेलं असणार, नाहीतर रोज रात्री ढीगभर टाकून द्यावं लागत असणार. दहा-बारा प्रकार मोजून करणारा माणूस रोज थोडं कमीच करतो, आणि त्यासाठी दोन-चार गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परत गेली तरी सहन करतो. तो "संपलं" म्हणाला की मी विचारते, "उद्या किती वाजता काढता?" आजवर कुणी या प्रश्नाचं उत्तर तुटकपणे दिलेलं नाही.

भाचीला मी मागच्या आठवड्यात हाच एक प्रश्न विचारायला सांगितला होता. आज सकाळी तिचा फोटो आला. कागदी पिशवी, तिच्यावर बटरचा डाग, मागे अजून दिवे न विझलेला रस्ता. खाली लिहिलं होतं : "पावणेसात म्हणाले होते, साडेसहालाच पोचले. कॉफी दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथे जाईपर्यंत हे उरणार नाही, आणखी एक घेऊ का?"