जिंकल्याचं सुतक

हरलेल्या मॅचवर बोलणं सोपं असतं. चार शिव्या हासडायच्या, पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि जेवायला बसायचं. शिकागोकरांशी त्यांनी जिंकलेल्या मॅचवर बोलायची वेळ मात्र वैऱ्यावरही येऊ नये.

२०२४ साली गणेशचतुर्थी आली शनिवारी. आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा, म्हणजे विसर्जन रविवारी, ८ सप्टेंबरला. आणि नेमका त्याच दिवशी, दुपारी बाराच्या ठोक्याला, अमेरिकन फुटबॉलमधल्या शिकागो बेअर्स संघाचा नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स सोल्जर फील्डवर पहिल्यांदा खऱ्या सामन्यात उतरणार होता. साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, "उत्तरपूजा बारानंतर करू." दर्शनाला बोलावलेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "तुमचा टीव्ही केवढा आहे?" काय ते ठरलं. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात बाप्पा, समोरच्या कोपऱ्यात टीव्ही आणि मध्ये नारिंगी-निळ्या जर्सीतले भाविक. कुणाचं तोंड कुठल्या कोपऱ्याकडे होतं ते सांगायला नको.

आईला मी खेळ समजावून सांगितला तो असा: क्वार्टरबॅक हा घरातला कर्ता पुरुष. चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं ते त्यानंच दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही अंगावर सव्वाशे-सव्वाशे किलोची माणसं धावून येत असताना. शिकागोला असा कर्ता पुरुष काही केल्या लाभत नाही. १९८५च्या हंगामात जिम मॅकमॅहन होता, त्या संघानं जानेवारी १९८६मध्ये सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, ४६-१० असा खिशात घातला. ते साल शिकागोत अजून संपलेलं नाही. पुढे २०१७च्या निवडीत (कॉलेजातली पोरं संघ ओळीनं उचलतात, जास्त हरलेल्याचा नंबर आधी) यांनी दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पॅट्रिक माहोम्स तेव्हा दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. तो गेला कॅन्सस सिटीला आणि त्यांना सुपर बोलमागून सुपर बोल जिंकून देत सुटला. ही जखम आपण चुकूनही काढू नये. गरजच पडत नाही, शिकागोकर स्वतःच दर पंधरा मिनिटांनी खपली काढून दाखवतो. बत्तीस संघांमध्ये एकाच हंगामात चार हजार यार्डांच्या पासेसचा आकडा ज्यांच्या एकाही क्वार्टरबॅकला गाठता आलेला नाही, असा हा एकमेव संघ. आणि अशा घरात पहिल्या क्रमांकानं निवडलेला, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी पटकावलेला, नखं रंगवणारा पोरगा आला होता.

"नखं का रंगवतो?" आईनं विचारलं.

"हौस."

"असू दे. गोरटेला मुलगा आहे."

तो गोरटेला नव्हता, पण आईच्या कोशात या शब्दाचा रंगाशी संबंध नाही. आवडला, एवढाच अर्थ.

सामना सुरू झाला आणि दुसऱ्या सत्रात टेनेसी टायटन्स १७-० पुढे. खोलीत कुणी बोलेना. त्या दिवशी ऋषिपंचमीही होती, त्यामुळे पाहुण्यांच्या ताटात मोदकाशेजारी ऋषीची भाजी होती. अळू, भोपळा, दोडका, मक्याचं कणीस, सगळं एकत्र शिजवलेलं, फोडणी नाही की मसाला नाही. पलीकडच्या घरातले निवृत्त अग्निशामक ती मान खाली घालून खात होते. मी म्हटलं, तिखट काही देऊ का? ते म्हणाले, "नको, आज हेच बरोबर आहे."

मग चमत्कार झाला. टायटन्सची किक अडवली गेली, जोनाथन ओवेन्स चेंडू उचलून थेट मैदानाच्या टोकाला पळाला, टचडाऊन. चौथ्या सत्रात त्यांच्या विल लेव्हिसनं पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला, तो आमच्या टायरिक स्टीव्हन्सनच्या हातात पडला आणि तो जो पळाला तो थेट टोकाला. शेवट २४-१७. बेअर्स जिंकले! मी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि तसेच खाली घेतले, कारण बाकी कुणी वाजवत नव्हतं.

"त्र्याण्णव," अग्निशामक म्हणाले.

विल्यम्सनं २९ पास टाकले होते, १४ पोचले, यार्ड मिळाले फक्त ९३. मैदान शंभर यार्डांचं. म्हणजे सबंध दुपारभर फेकाफेकी करून पोराची मैदानाची एक लांबीही भरली नव्हती, आणि त्याच्या बाजूनं एकही टचडाऊन आक्रमणातून झालेला नव्हता. मुलगा पास झालाय म्हणून पेढे वाटावेत, तर बाप गुणपत्रिका हातात धरून गणिताच्या पस्तिसाकडे बघत बसलाय, तसा सगळा नूर. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला क्वार्टरबॅक पदार्पणाचा पहिलाच सलामीचा सामना जिंकतो हे २००२च्या डेव्हिड कारनंतर पहिल्यांदाच घडलं होतं. हे कुणीतरी फोनवर वाचून दाखवलं. त्यानं उलट सगळे आणखी खचले, कारण डेव्हिड कारची पुढे कशी वाट लागली ते सगळ्यांना पाठ होतं.

आणि मग तो प्रश्न आला. या गावात तो प्रत्येकाला येतो, इमिग्रेशनच्या मुलाखतीसारखा टाळता येत नाही. "तुला काय वाटलं त्याच्याबद्दल?"

अशा प्रसंगासाठी मी एक वाक्य बाळगून असतो. "चेंडू जरा जास्त वेळ हातात ठेवतो." हे कुठल्याही क्वार्टरबॅकला, कुठल्याही हंगामात लागू पडतं. खोली एकदम माझ्याकडे वळली. "अगदी बरोबर," अग्निशामक म्हणाले, आणि माझ्या पाठीत अशी थाप पडली की मोदक घशाखाली न चावता गेला. मी तज्ज्ञ झालो.

तेवढ्यात आईनं मला विचारलं, "अरे, ती पाच धिप्पाड माणसं त्याच्यापुढे ओळीनं उभी असतात, ती कुणाच्या बाजूची?"

"त्याच्याच. त्याला वाचवायला."

"मग वाचवत का नाहीत?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. अग्निशामकांनी ताटली खाली ठेवली. आयुष्यभर आगी विझवलेला माणूस, पण असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. त्यानंतर विसर्जनाला सगळे थांबले. बादलीत शाडूची मूर्ती विरघळत होती आणि भोवती त्या पाचांतल्या डाव्या टोकाच्या गड्यावर, म्हणजे डाव्या टॅकलवर, खल चालला होता. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना त्यातले निम्मे कुणाला उद्देशून बोलत होते, देव जाणे.

सोमवारी ऑफिसात माझं वाक्य माझ्याआधी पोचलं होतं. दुपारच्या मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी एका रखडलेल्या प्रोजेक्टबद्दल "आपण चेंडू जास्त वेळ हातात ठेवतोय" असं म्हटलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. प्रोजेक्ट माझाच होता.

ऑक्टोबरअखेर वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या सेकंदाला लांबवर भिरकावलेला एक चेंडू हातांना लागून उडाला आणि विरुद्ध संघाच्या नोहा ब्राऊननं झेलला. बेअर्स हरले १८-१५. तो डाव सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना चिडवत कोण उभा होता? टायरिक स्टीव्हन्सन. पहिला सामना ज्यानं तारला तोच. वॉशिंग्टनचा धरून बेअर्स सलग दहा सामने हरले. त्या दहा आठवड्यांत माझे सगळ्यांशी संबंध उत्तम होते. मध्येच मुख्य प्रशिक्षकालाही काढलं, त्या दिवशी तर कुंपणावरून मला बिअर आली.

मग जानेवारीत हंगामाच्या शेवटच्या रविवारी त्यांनी घात केला. ग्रीन बेला, म्हणजे हाडवैऱ्याच्या अंगणात जाऊन, शेवटच्या किकवर २४-२२ जिंकले. २०१८नंतर पहिल्यांदाच पॅकर्सना हरवलं होतं. मी धावत बाहेर गेलो. अग्निशामक बर्फ उपसत होते. "जिंकायची काय गरज होती?" ते म्हणाले. "आता निवडीत आपला नंबर खाली जाणार."

हंगामभरात विल्यम्सला ६८ वेळा चेंडूसकट आडवा केला गेला. अख्ख्या लीगमध्ये एवढा कुणी लोळला नव्हता. मार्च २०२५मध्ये संघानं त्या पुढच्या ओळीत तीन नवे गडी आणले. जो थूनी, जोना जॅक्सन, ड्रू डालमन. मी साताऱ्याला फोन लावून आईला सांगितलं, तुझं ऐकलं गं त्यांनी, तीन नवीन माणसं घेतली.

"तीन?" आई म्हणाली. "आणि उरलेले दोघे?"

हा प्रश्न मी कुंपणापलीकडे नेला. त्या दिवशी मला जेवायला साडेतीन वाजले.